उरल्यासुरल्या भागांचा खलनायक

आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल, की सरांनी तत्त्वज्ञान सोडून हा खेळण्यांचा नाद कधी धरला? सोडलेलं नाही. वस्तूचं एकपण कशात असतं, हा जुनाच प्रश्न आज टेबलावरच्या अंगठ्याएवढ्या आकृतीला विचारायचा आहे.

ज्यांना हे खेळ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलावर खोटी डोंगर-घरं मांडायची, टेपनं अंतर मोजत आकृत्या सरकवायच्या, फासे टाकून लढायचं. त्या आकृत्यांना मिनिएचर म्हणतात. या खेळाडूंमध्ये एक जुनी खोड आहे. विकत आणलेली आकृती आहे तशी ठेवायची नाही. तिचं डोकं उडवायचं, दुसऱ्याचा हात लावायचा, तिसऱ्याची तलवार द्यायची, आणि दुकानात न मिळणारा एक दुष्ट सरदार उभा करायचा. याला ते कन्व्हर्जन म्हणतात.

सुरुवात दुरुस्तीतून झाली. विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीनं 1893 मध्ये आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली. त्यांची मुंडकी पटकन तुटत. मग मुलं मानेत काडेपेटीची काडी खुपसून मुंडकं परत बसवत. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये 'लिटल वॉर्स' लिहून ज्या खेळाला नियम दिले, तो याच जातीच्या सैनिकांवर चालायचा. आता बघा, काडीवर एकदा स्वतःचंच डोकं बसतं म्हटल्यावर दुसऱ्याचं का बसू नये? पुढे 1959 पासून एअरफिक्सचे मऊ प्लास्टिकचे चिमुकले सैनिक आले. त्या प्लास्टिकला गोंद धरत नसे, म्हणून लोक पातं तापवून कापत आणि टाचणी टोचून जोडत. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मोडक्या मावळ्याला मातीत रोवून पहारेकरी करतात, त्याच वृत्तीची ही माणसं.

पण यात अजून खलनायक नव्हता. तो आला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, लेक जिनीव्हा गावी. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 1971 मध्ये 'चेनमेल' नावाचे मध्ययुगीन लढाईचे नियम छापले आणि शेवटी जादू, राक्षस, ड्रॅगन यांची पुरवणी जोडली. अडचण अशी की बाजारात ड्रॅगन नव्हता! गायगॅक्सनी प्लास्टिकच्या स्टेगोसॉरसला कापून-जोडून ड्रॅगन केला. हाँगकाँगला बनलेल्या, पिशवीतून विकल्या जाणाऱ्या स्वस्त 'प्रागैतिहासिक प्राण्यां'मध्ये काही भलतेच विचित्र प्राणी निघत. कुठल्याही पुस्तकात न सापडणारे. टेबलावर ते आधी आले, आणि मग त्यांना नाव, स्वभाव, ताकद मिळाली. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधले रस्ट मॉन्स्टर, आउलबेअर, बुलेट हे प्रसिद्ध राक्षस असे जन्मले. लोखंड खाणारा प्राणी कुणी कल्पनेत रचून मग घडवला नाही. आधी हातात एक चमत्कारिक खेळणं होतं, आणि प्रश्न पडला, की हे काय करत असेल?

काही जण याला जुगाड म्हणतात. गायगॅक्सपुरतं ते चालेल. त्याला काम भागवायचं होतं. पण पुढे बाजारात सगळं मिळू लागल्यावरही हात थांबले नाहीत, आणि तिथे तो शब्द अपुरा पडतो.

इंग्लंडमध्ये गेम्स वर्कशॉपनं 1987 मध्ये 'वॉरहॅमर 40,000' हा खेळ काढला. त्याच सुमारास प्लास्टिकच्या तीस सैनिकांचं एक खोकं आलं. डोकी, हात, बंदुका, पाठीवरच्या पेट्या, सगळं सुटं. जोडल्यावर काही ना काही उरायचंच, आणि प्रत्येक खेळाडूच्या घरी एक डबा साठू लागला, उरलेल्या अवयवांचा. कंपनीच्या 'व्हाइट ड्वार्फ' मासिकानं तर डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून तरंगता रणगाडा कसा करायचा तेही छापलं. कंपनीच सांगत होती, आमच्याकडून सगळं घेऊ नका!

आणि मग 1988 चं 'स्लेव्ह्ज टू डार्कनेस'. मला सर्वांत रोचक वाटतं ते हे पुस्तक. यात तुम्ही दुष्ट देवतांचा एक सेवक घेता. त्यानं पराक्रम केला की देवता बक्षीस देते, म्हणजे तुम्ही फासे टाकता आणि हजार क्रमांकांचा तक्ता पाहता. कधी जनावराचं डोकं येतं, कधी हाताच्या जागी सोंड, कधी खूर. बक्षिसं पचली तर तो राक्षसांचा राजपुत्र होतो, आणि अति झाली तर बुद्धी हरवलेला मांसाचा गोळा. प्रत्येक बक्षीस आकृतीवर दिसलं पाहिजे, म्हणून खेळाडू पुन्हा डबा उघडतो. नायकाचा गणवेश ठरलेला असतो. खलनायकाच्या अंगावर मात्र त्यानं कुठे काय मिळवलं आणि त्याची काय किंमत मोजली हे लिहिलेलं असतं. म्हणून लोक खलनायकच घडवतात, असं माझं मत आहे.

हे करतात कसं तेही सांगतो, कारण तत्त्वज्ञान तिथेच दडलंय. मान तिरकी न करता कापायची. हातानं फिरवायच्या बारीक ड्रिलनं दोन्हीकडे मिलिमीटरभर रुंद भोक पाडायचं, पेपरक्लिपची तार घालायची (ब्रिटनच्या सैनिकातली काडी ती हीच) आणि आपण सरसकट ज्याला फेविक्विक म्हणतो तसा गोंद लावायचा. फट राहते ती पुट्टीनं भरायची. आपल्या एमसीलसारखीच ही दोन घटकांची पुट्टी. निळी आणि पिवळी पट्टी मळली की हिरवी होते. हत्यार ओलं ठेवायचं, नाहीतर चिकटतं. या टप्प्यावर आकृती केविलवाणी दिसते. करडं प्लास्टिक, चंदेरी धातू, हिरवे सांधे. मग प्रायमरचा एक फवारा मारला की अचानक तिथे कुणीतरी एकच जण उभा असतो.

'मिलिंदपञ्हा'त नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक का? आस का? दांडा का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. रथ हे नुसतं व्यवहाराचं नाव ठरतं. पण नागसेनाचे भाग रथासाठीच घडवलेले होते. आमच्या सरदाराचं धड सैनिकाचं, पाय दुसऱ्या कुणाचे. प्रत्येक तुकड्याला आधीचा धनी होता. मग हा सरदार कुणाचा?

हा प्रश्न खरोखरच न्यायालयात गेला. चॅप्टरहाउस स्टुडिओज ही छोटी अमेरिकन कंपनी गेम्स वर्कशॉपच्या आकृत्यांना बसतील असे खांद्याचे कवच, डोकी, जोडभाग विकत असे. 2010 च्या डिसेंबरात गेम्स वर्कशॉपनं शिकागोत खटला भरला. 2013 च्या जूनमध्ये ज्यूरीनं काही मुद्दे इकडे, काही तिकडे दिले; नुकसानभरपाई ठरली फक्त 25,000 डॉलर. त्यानंतर गेम्स वर्कशॉपच्या नियमपुस्तकांतून अशी पात्रं गळू लागली, ज्यांची आकृती कंपनी स्वतः विकत नव्हती. खेळाडू याचा संबंध थेट त्या खटल्याशी लावतात, आणि मला ते पटतं. नियम छापायचे आणि आकृती दुसऱ्यानं विकायची, हे कंपनीला नको होतं. धंद्याच्या दृष्टीनं चूक म्हणता येणार नाही. पण गायगॅक्सच्या टेबलावर आकृतीमागून नियम आला, तेव्हा वस्तू कुणाचीही असू शकत होती. आता वस्तू फक्त दुकानातली.

'पॅरासाइट ऑफ मॉर्ट्रेक्स' नावाचा एक पंखवाला परग्रही खलनायक होता. 2010 च्या पुस्तकात त्याचे नियम आले; आकृती नव्हती. लोकांनी आपापल्या डब्यातून तो घडवला, एकाचं धड, दुसऱ्याचे पंख, शेपटी पुट्टीची. कुठलेही दोन सारखे नव्हते. 2014 च्या पुस्तकातून तो गेला, आणि कपाटांतल्या त्या सगळ्या आकृत्यांना खेळात नावच उरलं नाही. 2022 मध्ये तो परतला. या वेळी खोक्यातून, कंपनीनं ठरवलेल्या पंखांसकट.