बंदिवानांची मुले व कुटुंबे : साहाय्यसेवा (नांदेड-लातूर)

आई किंवा वडील तुरुंगात गेल्यावर बाहेर राहिलेल्या मुलांसाठीच्या सेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या उपाध्याय निकालाने सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला बंदिवान आईजवळ राहता येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अशा मुलांची संख्या देतो. आजीकडे किंवा चुलत्याकडे राहिलेल्यांची मात्र देत नाही, आणि संख्येने तीच कितीतरी जास्त असणार. मराठवाड्यात या मुलांवरील संशोधनाची सुरुवात म्हणूनच कारागृहाच्या दारापेक्षा शाळेच्या हजेरीपटापासून व्हायला हवी.

राज्याच्या बालसंगोपन योजनेत या मुलांचाही समावेश असून 2023 पासून दरमहा 2250 रुपये मिळतात. पण त्यासाठी बालकल्याण समितीचा आदेश लागतो. अर्ज, दाखले आणि जिल्ह्याच्या गावी खेपा, सगळे मजुरी बुडवून. नांदेड-लातूरचा शिक्षाबंदी छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल कारागृहात असला, तर भेटीसाठी सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास वेगळाच. गुन्हेगाराच्या घराला मदत म्हणजे पीडितांवर अन्याय, हा आक्षेप समजण्यासारखा असला तरी टिकत नाही. 2022 मध्ये देशातील सुमारे तीन-चतुर्थांश बंदिवान कच्चे कैदी होते, दोष सिद्धच न झालेले. आणि मुलाने तर कोणताही गुन्हा केलेला नसतो.