वायदेबाजार नियमन व हिंगोलीचे शेतकरी

सोयाबीन आणि हळद ही हिंगोली जिल्ह्याची (स्थापना १ मे १९९९) मुख्य नगदी पिके. अशा मालाचा पुढील तारखेचा भाव आजच ठरवणाऱ्या वायदेबाजाराचे नियमन १९५२ च्या कायद्यानुसार वायदे बाजार आयोगाकडे होते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी हा आयोग सेबी या रोखे बाजाराच्या नियामकात विलीन झाला. डिसेंबर २०२१ मध्ये भाववाढीच्या चिंतेतून सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे एक वर्षासाठी थांबवले. नंतर ही मुदत वारंवार वाढवली गेली. हळदीचे वायदे मात्र चालू राहिले.

बंदीमुळे पेरणीच्या वेळी पुढच्या महिन्यांचा भाव सांगणारा खुला आकडा नाहीसा झाला. येथील बहुतेक शेतकरी स्वतः वायदे करत नव्हते हे खरे, पण तो आकडा त्यांना माल विकावा की ठेवावा हे ठरवायला उपयोगी पडे. भाव पाडण्याचा भार अशा रीतीने उत्पादकावर टाकणे अन्यायाचे आहे.

हळदीत अडचण वेगळी. एक सौदा ५ टनांचा, म्हणजे ५० क्विंटलचा. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली एवढी हळद लहान शेतकऱ्याकडे क्वचितच असते. शिवाय भाव उलटला की रोजच्या रोज मार्जिन (अनामत रक्कम) भरावे लागते. त्यामुळे हा मार्ग प्रामुख्याने शेतकरी उत्पादक कंपन्यांनाच पेलतो. इतरांची हळद जिल्ह्यातील वसमतसारख्या बाजार समितीत त्या दिवशीच्या बोलीवर जाते. वसमत हळदीला भौगोलिक मानांकन आहे. त्याने ओळख मिळते, भावाची हमी नाही. पीकविमा उत्पादनातील घट भरून देतो, पडलेला भाव नव्हे.