एका डॉलरचे चाकर

सरकारची चाकरी आणि घरचा धंदा एकाच माणसाने सांभाळू नये, हे शहाणपण जुनेच. पण लढाई दाराशी आली, की ते खुंटीला टांगावे लागते.

विल्यम नुडसन हा कोपनहेगनचा पोरगा. १९०० साली अमेरिकेत उतरला, कारखान्यांतून राबत राबत १९३७ मध्ये जनरल मोटर्सचा अध्यक्ष झाला. १९४० साली रूझवेल्टने हाक मारताच त्याने ती गादी सोडली आणि वर्षाला एक डॉलर घेऊन युद्धसामग्रीच्या उत्पादनाचे काम पत्करले. एकच डॉलर का? तर फुकट सेवा घ्यायला तिकडच्या कायद्याची आडकाठी!

पण गादी सोडणारे थोडे. पुष्कळशा डॉलरवाल्यांचा खरा पगार त्यांच्या कंपन्यांकडून चालूच राहिला. १९४२ च्या जानेवारीत सेनेटर ट्रूमन यांच्या समितीने नेमके यावरच बोट ठेवले. ट्रूमन स्वतः राखीव दलातले कर्नल, हीही एक गंमतच. त्याच महिन्यात नुडसनचे पद गेले. भरपाई म्हणून की काय, रूझवेल्टने त्याला नागरी जीवनातून उचलून थेट लेफ्टनंट जनरल केले.

हे लबाड होते, असे मला म्हणावयाचे नाही. घरचे मूल परीक्षेला बसले, तर त्याचा पेपर आम्हां मास्तरांनी तपासू नये म्हणतात, ते काय आम्ही सगळे चोर म्हणून? माझ्या पुतण्याच्या वर्षी मी गठ्ठा परत केला, तेव्हा घरात चार दिवस अबोला होता. १९५३ साली जनरल मोटर्सचेच चार्ल्स विल्सन संरक्षणमंत्री व्हायला निघाले, तेव्हा कंपनीचे आणि देशाचे हित आड येईल हे त्यांना खरोखरच उमगत नव्हते. सेनेटने अडून बसून शेअर विकायला लावले.

१९६२ च्या कायद्याने रेघ ओढली. ज्या प्रकरणात आपला, बायकोचा, अज्ञान मुलांचा किंवा आपण नोकरीस असलेल्या कंपनीचा पैसा गुंतला आहे, त्यात सरकारी अधिकाऱ्याने हात घालावयाचा नाही. राखीव दलाच्या अधिकाऱ्याची मात्र पंचाईत. तो वर्षाचे काही दिवस गणवेशात, बाकीचे दिवस कचेरीत. कायद्याने तोड काढली ती अशी: केवळ प्रशिक्षणासाठी आलेला तो 'विशेष' नोकर, त्याला काही कलमे सैल, आपखुशीने १३० दिवसांहून अधिक काळ सेवेत राहिला, तर पुरता सरकारी अधिकारी. पैसा गुंतलेल्या प्रकरणाची बंदी मात्र दोघांनाही सारखीच.

२०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या भूदलाने मेटा, पॅलंटीर, ओपनएआय अशा कंपन्यांच्या वर्तुळातील चौघांना राखीव दलात एकदम लेफ्टनंट कर्नल केले. कंपनीतील नोकरी सोडण्याची अट नव्हती. काम वर्षाकाठी सुमारे १२० तासांचे. आणि त्यांतल्या पॅलंटीरचा बडा गिऱ्हाईक कोण, तर हेच भूदल.