नाळ पुरलेला डोंगर



मागे दिवाळीला तेरखेड्याला गेलो होतो. आमचं गाव फटाक्यांचं. दिवाळीआधी हमरस्त्याच्या कडेला दुकानं लागतात आणि लांबलांबून गाड्या येतात, हे वाशी-कळंबकडच्या माणसाला सांगायला नको. अशा गावात बसून आकाशदर्शनाच्या गप्पा म्हणजे जरा गंमतच. पण पुण्याचा आतेभाऊ आला होता आणि त्याला ताऱ्यांचं वेड. गच्चीवर बसून तो मला हवाई बेटांवरच्या एका होऊ घातलेल्या दुर्बिणीची हकीकत सांगत होता. थर्टी मीटर टेलिस्कोप. आरसाच ३० मीटर रुंद, ४९२ तुकडे जोडून केलेला. "आपल्या देशाचाही वाटा आहे त्यात. पण तिथले लोक डोंगर पवित्र आहे म्हणून रस्त्यात बसलेत. अंधश्रद्धा, दुसरं काय!" मी हो ला हो केलं. नंतर घरी येऊन वाचत गेलो, तसं ते 'हो' मला टोचायला लागलं.

डोंगराचं नाव मौना केआ. उंची ४,२०० मीटरच्या वर, माथा ढगांच्याही वर, हवा कोरडी आणि स्थिर. खगोलशास्त्रज्ञाला यापेक्षा चांगली जागा पृथ्वीवर फार कमी सापडेल. आणि तिथल्या मूळ रहिवाशांसाठी तो आकाशपिता वाकेआ आणि धरणीमाता पापा यांचा थोरला मुलगा, म्हणजे नात्याने आपला मोठा भाऊ. माथ्याजवळ वाइआउ नावाचं एक तळं आहे. काही घराण्यांत बाळाची नाळ त्या तळ्यात नेऊन सोडायची रीत आहे.

इथे मी थांबलो. कारण माझी नाळ तेरखेड्याच्या जुन्या घराच्या मागच्या अंगणात पुरलेली आहे. आजी जागा दाखवायची, न्हाणीच्या बाजूला, शेवग्याखाली. 'याची नाळ इथं पुरलीय, हा कुठं जातोय' हे तिचं ठरलेलं वाक्य. (गेलोच, पण तो विषय वेगळा.)

आता इतिहास. हवाई हे एक राज्य होतं, तिथे राणी होती, लिलिउओकलानी. १८९३ मध्ये उसाच्या मळ्यांचे मालक आणि व्यापारी यांनी अमेरिकी नौसैनिकांच्या आधाराने तिला गादीवरून खाली ओढलं. १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं आपल्यात सामील करून घेतली. राजघराण्याच्या आणि सरकारच्या जमिनी अमेरिकेकडे गेल्या, आणि १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं घटकराज्य झालं तेव्हा त्यांतल्या बऱ्याच राज्याकडे आल्या, विश्वस्त म्हणून. मौना केआचा माथा त्यातलाच. म्हणजे भांडणाचं मूळ दुर्बिणीच्या कितीतरी आधीचं आहे.

मग १९६० साली चिलीतल्या भूकंपाची त्सुनामी हिलो शहरावर आदळली. ६१ माणसं गेली, बाजारपेठ वाहून गेली. उभं राहायला काहीतरी धंदा हवा, म्हणून तिथल्या व्यापारी संघटनेने विद्यापीठांना पत्रं पाठवली, आमच्याकडे उंच डोंगर आहे, या. १९६४ मध्ये जेरार्ड कायपर या शास्त्रज्ञाने माथ्याची परीक्षा केली आणि जागा उत्तम ठरवली. १९६८ मध्ये राज्याने माथ्याचा मोठा टापू हवाई विद्यापीठाला ६५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला. भाडं वर्षाला १ डॉलर! पुढे एकामागून एक १३ वेधशाळा उभ्या राहिल्या. १९९८ मध्ये राज्याच्याच लेखापरीक्षकाने ताशेरे मारले की विद्यापीठाने डोंगराची नीट राखण केलेली नाही. हे वाचल्यावर मला रस्त्यात बसलेले लोक हट्टी वाटेनात. तीस वर्षं वाट बघून मग ते बसले होते.

२००९ मध्ये नव्या दुर्बिणीसाठी हाच डोंगर निवडला गेला. ऑक्टोबर २०१४ मध्ये भूमिपूजनाचा कार्यक्रम लोकांनी अडवला. २ एप्रिल २०१५ ला ३१ जणांना अटक झाली. त्याच डिसेंबरात हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाना रद्द केला. कारण साधं होतं: हरकतींची सुनावणी व्हायच्या आधीच परवानगी देऊन टाकली होती. निकाल आधी आणि सुनावणी नंतर, आपल्याकडच्या लोकांना हे काही नवीन नाही! पुन्हा सुनावणी झाली, २०१७ मध्ये पुन्हा परवाना मिळाला, २०१८ मध्ये न्यायालयाने तो कायम केला. जुलै २०१९ मध्ये यंत्रसामग्री वर न्यायची वेळ आली, तेव्हा म्हाताऱ्या बायामाणसं खुर्च्या टाकून रस्त्यात बसली. कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी काठी घेऊन. तीसहून जास्त वृद्धांना पोलिसांनी हाताला धरून, उचलून नेलं. काही पोलीस त्यांच्याच नात्यागोत्यातले होते आणि रडत होते.

सगळेच मूळ रहिवासी विरोधात होते असं मात्र नाही. मुलांना शिक्षण आणि नोकऱ्या मिळतील म्हणून दुर्बीण हवी म्हणणारेही त्यांच्यात होते आणि आहेत. आणि ताऱ्यांशी तर त्यांचं भांडण मुळीच नाही. त्यांचे पूर्वज ताऱ्यांवर बोट ठेवूनच होड्यांतून त्या बेटांवर पोचले. १९७६ मध्ये होकुलेआ नावाची होडी होकायंत्राशिवाय, तारे आणि लाटा बघत, ताहितीपर्यंत गेली होती.

आता आपला वाटा. सप्टेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने या प्रकल्पात सामील व्हायला मंजुरी दिली, खर्च सुमारे १,३०० कोटी रुपये. बंगळूर, नैनिताल आणि पुण्याची आयुका या तीन संस्था त्यात आहेत. आरशाचे तुकडे घासणं, त्यांच्या कडांवरचे संवेदक, सॉफ्टवेअर, असं काम आपल्याकडे. मंजुरीनंतर पंधरा दिवसांतच तिकडे भूमिपूजन अडलं. आपल्यातल्या कितीजणांना तेव्हा ठाऊक होतं की त्या म्हाताऱ्यांच्या समोरच्या बाजूला आपणही उभे आहोत? मला तरी नव्हतं. पर्यायी जागांत लडाखचं हानलेही होतं, पण २०१६ मध्ये पर्याय म्हणून स्पेनचं ला पाल्मा ठरलं. (आपल्या नारायणगावजवळच्या खोडदलाही दुर्बिणीचा वाद झाला, पण तो देवावरून नाही, रेल्वेवरून. ४५ मीटरच्या ३० तबकड्यांना त्रास होईल म्हणून पुणे-नाशिक लोहमार्गच अडला.)

हे सगळं मला इतकं का लागावं? तर आमच्याकडच्या माळावर गेल्या काही वर्षांत पवनचक्क्या आल्या. आमच्या सामाईक माळाच्या तुकड्यावर एक म्हसोबा होता. म्हणजे शेंदूर लावलेला दगड, दुसरं काही नाही. आजी दर आषाढात तिथे नारळ फोडायची. जमिनीचे कागद झाले तेव्हा सह्या चुलत्यांच्या आणि माझ्या. सातबारावर आजीचं नाव नव्हतं, म्हणून तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. रस्ता करताना दगड कुठे गेला कुणालाच सांगता आलं नाही. आजी काही बोलली नाही, आषाढात एकदा फक्त विचारलं, "नारळ कुठं फोडू?" मला वीज हवी आहे, आतेभावाची दुर्बीणही हवी आहे. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही, आणि आता आजीही नाही.

तिकडे २०२२ मध्ये नवा कायदा होऊन डोंगराच्या कारभारात मूळ रहिवाशांना जागा मिळाली. २०२४ मध्ये दोन जुन्या दुर्बिणी उतरवून जमीन मोकळी केली. २०२५ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान प्रतिष्ठानने मोठ्या दुर्बिणीचा हात सोडला, तर स्पेनने ४० कोटी युरो देऊ केले. जुना भाडेपट्टा २०३३ मध्ये संपतो.

आतेभावाला फोनवर हे सगळं ऐकवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, वृद्धांना उचलून नेलं ते आपल्याला माहीत नव्हतं. चैत्रात येरमाळ्याला येडाईच्या यात्रेला ये, चुनखडी वेचू, असं म्हटलंय त्याला. येताना छोटी दुर्बीण आणतो म्हणालाय. पौर्णिमेच्या उजेडात तारे काय दिसणार म्हणा, चंद्रच बघू.