सुट्टीच्या आधीचा रविवार



स्मरणिका समितीने इतिहासाच्या शिक्षकाकडून एक लेख मागितला. चंद्रपूरचा परकोट, त्याचे दरवाजे आणि गोंड राजे यांच्यावर आपल्यापैकी अनेकांनी यापूर्वी छान लिहिले आहे. म्हणून मी वेगळा विषय घेतो. शाळेत असताना वर्गातली मुले मला नेहमी विचारायची, "दर रविवारी चर्चला जायलाच हवं का रे? एखादा रविवार चुकला तर काय बिघडतं?" हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. त्याच्या उत्तरात पुष्कळ इतिहास आहे, आणि त्यातला काही आपल्याच जिल्ह्यांचा आहे.

बहुतेकांची समजूत अशी, की रविवारी सुट्टी असते म्हणून ख्रिस्ती लोक त्या दिवशी चर्चला जातात. प्रत्यक्षात घडले ते उलटे. रोमन बादशहा कॉन्स्टंटाईनने रविवार विश्रांतीचा दिवस ठरवला तो इ. स. ३२१ मध्ये. त्याआधी सुमारे तीनशे वर्षे रविवार हा रोमन साम्राज्यात इतर दिवसांसारखाच कामाचा दिवस होता. इ. स. ११२ च्या सुमारास आशिया मायनरमधील एक प्रांताधिकारी, प्लिनी, याने बादशहा ट्राजान याला ख्रिस्ती लोकांची माहिती कळवली. हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताची गीते गातात आणि मग पांगतात, असा तिचा आशय होता. उजाडण्यापूर्वी का? त्यांच्यात गुलाम होते, कष्टकरी होते, दिवस उजाडला की त्यांचा वेळ मालकाचा. पुढे इ. स. १५० च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या लेखकाने रविवारच्या सभेचे वर्णन केले. शहरातले आणि खेड्यातले लोक एकत्र येत, वाचन आणि प्रार्थना होई, भाकर वाटली जाई. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवकांच्या हाती घरी पोचवला जाई. जमलेल्या पैशातून अनाथ, विधवा, आजारी आणि कैदी यांना मदत होई.

यातली घरी पोचवलेल्या वाट्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोण आले नाही हे कळायचे असेल, तर बाकीच्यांनी नेमाने यायला हवे.

महाराष्ट्रातही कष्टकऱ्यांना रविवार सहज मिळाला नाही. सरकारी कचेऱ्यांना इंग्रजी अमलात रविवारची सुट्टी होती, पण मुंबईच्या गिरणी कामगारांना ती नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी चळवळ उभारली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आज आपण ज्या रविवारी उशिरा उठतो, तो या माणसाच्या खटपटीचा आहे.

आता आपल्याकडे येऊ. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर १८५४ मध्ये चांदा इंग्रजी अमलाखाली आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने चांद्यात मिशन सुरू केले. तिथे अनेक वर्षे काम केलेले अॅलेक्स वूड यांनी या मिशनवर १९०६ मध्ये एक पुस्तक लिहिले आणि पुढे ते नागपूरचे बिशप झाले. दक्षिणेला सिरोंच्यात अमेरिकन मेथडिस्ट आले. तिथली बोली तेलुगू, म्हणून उपासनाही तेलुगूत. १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार कॅथलिक चर्चकडे चांदा प्रांत सोपवला गेला. केरळबाहेर त्या चर्चला मिळालेला हा पहिला मिशनप्रांत. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि अँग्लिकन मंडळ्या त्यात सामील झाल्या.

तीन परंपरा, आणि हजेरीबद्दल तिघींचे तीन नियम. इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात असे आहे, की पाळकासोबत निदान तीन माणसे प्रभुभोजन घेणारी नसतील तर प्रभुभोजनाचा विधी करू नये. मोठ्या शहरात हा नियम कोणाच्या लक्षातही येत नाही. जंगलातल्या पाच घरांच्या मंडळीत मात्र एक ताप आणि एक परगावचे लग्न एवढ्यावर विधी राहू शकतो. मेथडिस्टांचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७४३ च्या नियमांत सुमारे बारा जणांचा एक गट सांगितला. गटातल्या प्रत्येकाला आठवड्यातून एकदा तरी भेटणे हे गटप्रमुखाचे काम. सिरो-मलबार चर्चमध्ये रविवारच्या कुर्बान्यात भाग घेणे हे कर्तव्य आहे, पण ते शनिवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या रात्रीपर्यंत केव्हाही पार पाडता येते. कामकरी माणसाची अडचण या नियमाला ठाऊक असावी.

आणि आपल्या भागात अडचणींना तोटा नाही. मार्च-एप्रिलमध्ये, नेमक्या उपवासकाळात आणि ईस्टरच्या सुमारास, मोह गळतो. मोहफुले पहाटेच वेचावी लागतात. उशीर केला तर ती जनावरांच्या तोंडी जातात, आणि वर्षभराच्या मीठमिरचीचा पैसा त्यातच असतो. मग मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण दरवर्षी वर्तमानपत्रात वाचतो. अशा वेळी कुठला पाळक आणि कुठला फादर पोचणार? ज्या गावचा बाजार रविवारी भरतो, तिथे उपासनेची वेळ बाजाराला विचारूनच ठरते. इकडे चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुसच्या कोळसा पट्ट्यात पाळीचे काम. माझे वडील खाणीत होते. रात्रपाळी संपवून ते घरी येत, आंघोळ करत आणि न झोपता आमच्याबरोबर चर्चला येत. प्रवचनात त्यांना डुलकी लागे. आई कोपराने ढोसायची. पाळकसाहेब मात्र एकदा म्हणाले, "राहू द्या बाई, ते आलेत ना."

ते नुसते आलेत, यालाही किंमत होती. आमच्या मंडळीत वडीलधारी माणसे उपासना संपल्यावर लगेच घरी जात नसत. कोणाची जागा रिकामी होती, ते बोलून घेत. दुपारपर्यंत कोणीतरी त्या घरी जाऊन येई. मलेरियाचा ताप, मुलीचे थांबलेले शिक्षण, सावकाराचा तगादा, अशा कितीतरी गोष्टी रिकाम्या जागेमुळे कळल्या. जो महिन्यातून एकदा येतो, त्याची जागा रिकामी आहे हे कोणाच्या ध्यानात येणार? नेमाने येणाऱ्याचीच अनुपस्थिती दिसते.

मार्च २०२० मध्ये सगळी प्रार्थनास्थळे बंद झाली. १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, ती उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. त्या काळात मोबाईलवरच्या उपासनेने मोठा आधार दिला, हे मान्यच करायला हवे. अंथरुणाला खिळलेल्यांना तो आजही मिळतो. पण मोबाईल आपल्याला उपासना दाखवतो, शेजारची रिकामी जागा दाखवत नाही. अनेकांची सवय तेव्हा मोडली ती मोडलीच. नाताळला बाहेर मांडव घालावा लागतो, आणि जुलैतल्या एखाद्या पावसाळी रविवारी पहिले दोन बाक भरले तरी बरे वाटते. आपल्या बॅचची मुले पुण्या-मुंबईला, हैदराबादला गेली, त्यांचे आईवडील इथे राहिले. त्या दोन बाकांवर बहुतेक तेच असतात.

तर वर्गमित्रांच्या प्रश्नाचे उत्तर असे. एखादा रविवार चुकला तर देव रागावतो, असे मला वाटत नाही. रोममधल्या गुलामाचा चुकत असेल, मोह वेचणाऱ्या बाईचा चुकतो, माझ्या वडिलांचाही डबल ड्युटीला चुकायचा. पण त्यांनी अडचणीला नियम होऊ दिले नाही. उपासना फक्त स्वतःच्या मनःशांतीसाठी असती, तर ती घरीही झाली असती. आपण तिथे बसल्यामुळे दुसऱ्या कोणाची तरी उपासना होते, हे लहान मंडळीत पहिल्या दिवशी कळते. तीन माणसांचा नियम तेच सांगतो.

हे केवळ ख्रिस्ती माणसांपुरते आहे असेही नाही. पंढरीची वारी चुकू न देणारे आणि दर १६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर येणारे आपले मित्र यातले मर्म माझ्यापेक्षा चांगले जाणतात.

ख्रिस्ती वर्गमित्रांना मात्र एक विनंती. नाताळला तर याच, पण पावसाळ्यात गावी आलात आणि मध्ये रविवार पडला, तर आईवडिलांबरोबर तासभर त्या बाकावर बसा. उपासना संपल्यावर लगेच गाडी काढू नका. कोण आले नाही ते विचारा, आणि जमले तर त्या घरी जाऊन या.