पूर्वव्रण आणि पुढील प्रसूती : विटा परिसराच्या संदर्भात

सिझेरियन शस्त्रक्रियेच्या इतिहासात पहिल्या शस्त्रक्रियेची वर्णने विपुल आढळतात. तीच स्त्री पुन्हा गरोदर राहिल्यास काय, हा प्रश्न मात्र उशिरा उपस्थित झाला. कारण उघड आहे. १८७६ मध्ये इटलीच्या पोर्रो यांनी गर्भाशयच काढून माता वाचविली; तेथे पुढील गर्भारपण संभवतच नव्हते. १८८२ मध्ये माक्स झेंगर यांनी गर्भाशय टाके घालून शिवण्याचा पुरस्कार केला, तेव्हापासून हा प्रश्न खरा झाला.

१९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन यांनी, एकदा सिझेरियन झाले की पुढे नेहमी तेच, असे बजावले. पहिली शस्त्रक्रिया सहजासहजी करू नये, हा त्यांचा रोख होता. वचनाचे सूत्र झाले आणि रोख गळून पडला. शिवाय त्या काळी छेद गर्भाशयाच्या वरच्या स्नायुमय भागावर उभा घेत. कळांच्या वेळी तो फाटण्याचे भय रास्तच होते. पुढे ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या पातळ भागावरील आडव्या छेदाचा प्रसार केला. अशा व्रणानंतर कळा येऊ दिल्यास तो उसवण्याचा धोका सुमारे दोनशेंत एक इतका असतो. योग्य निवड केल्यास शंभरांतील साठ ते ऐंशी स्त्रिया नैसर्गिक रीतीने प्रसूत होतात.

खानापूर तालुक्यातील विटा १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात, नंतर दक्षिण सातारा जिल्ह्यात होते. १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. विल्यम वान्लेस यांचे मिरजेचे रुग्णालय १८९४ चे. परंतु या दुष्काळी मुलखातून अडलेल्या बाळंतिणीला तेथवर वेळेत नेणे ही निराळीच गोष्ट होती. आज अडचणीचे स्वरूप पालटले आहे. गलाईच्या धंद्यानिमित्त येथील कुटुंबे देशभर पांगली आहेत. पहिले बाळंतपण माहेरी, दुसरे परप्रांतात, असे झाल्यास पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद हाताशी असतोच असे नाही. पोटावरील व्रण आडवा दिसला तरी आतील छेद तसाच असेल, याची खात्री देता येत नाही. मग सावध डॉक्टर पुन्हा शस्त्रक्रियेकडे वळतात, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक पुढील खेपेस वार गर्भाशयात रुतून बसण्याचा धोका वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २५.४ टक्क्यांवर गेले. यांतील प्रत्येक स्त्रीच्या पुढील प्रसूतीत, छेद आडवा की उभा, ही कागदावरील एक ओळ प्रथम शोधली जाईल.