वेलिंग्टन नावाचं स्टेशन

माणसाचं नाव बदलता येतं. गावाचंही बदलता येतं, आणि रस्त्यावरची पाटी तर एका रात्रीत बदलते. बदलत नाहीत ते त्या जागेचे अक्षांश आणि रेखांश. शाळेत भूगोलाच्या तासाला आपण हे आकडे नकाशावर शोधले. पण या कोरड्या आकड्यांनाही इतिहासाची आठवण राखता येते, हे मला फार उशिरा उमगलं. उमगलं तेही परक्या मुलुखात, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड डोंगरात, एका जुन्या रेल्वे बोगद्याच्या वाटेवर.

माझा भाचा सिएटलला नोकरी करतो. त्याला एका खेळाचा नाद आहे. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुणीतरी रानात, डोंगरात एक डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी त्या आकड्यांच्या बोटाला धरून ती शोधायची. डबीत एक लहानशी वही असते. सापडली की वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तिथेच ठेवून द्यायची. आतली एखादी वस्तू घेतली, तर तिच्या जागी दुसरी ठेवायची. मोठ्यांचा लपंडावच म्हणा ना!

या खेळाचा जन्म सरकारी निर्णयातून झाला. उपग्रहांच्या मदतीने जागा दाखवणारी जीपीएस यंत्रणा अमेरिकी लष्कराची. सामान्य नागरिकांना मिळणारा संदेश मुद्दाम अस्पष्ट ठेवला जाई, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुके. मे २००० च्या आरंभी अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही अडवणूक थांबली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली ठेवली आणि तिचा पत्ता आकड्यांत जाहीर केला. आज जगभर अशा तीस लाखांहून अधिक जागा आहेत.

एका सप्टेंबरात भाचा मला ‘आयर्न गोट ट्रेल’वर घेऊन गेला. आयर्न गोट म्हणजे लोखंडी बोकड. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या बोधचिन्हावर डोंगरी बोकड होता, त्यावरून हे नाव. या कंपनीने १८९३ मध्ये सिएटलपर्यंत रूळ आणले. स्टीव्हन्स खिंडीत बोगदा नव्हता. आपल्या खंडाळ्याच्या घाटात पूर्वी रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तशीच मागेपुढे करत गाडी तो डोंगर चढे. पुढे १९०० मध्ये २.६३ मैलांचा कॅस्केड बोगदा खुला झाला आणि ती चढाई संपली. बोगद्याच्या पश्चिम तोंडाशी एक चिमुकलं स्टेशन होतं. त्याचं नाव वेलिंग्टन.

फेब्रुवारी १९१० च्या अखेरीस पूर्वेकडून आलेल्या दोन गाड्या, एक प्रवासी आणि एक टपालाची, बोगदा ओलांडून वेलिंग्टनला आल्या आणि बर्फात अडकल्या. पुढचा मार्ग कोसळलेल्या बर्फाने बंद झाला होता. दिवसामागून दिवस गेले, कोळसा संपत आला. वर उघडा डोंगर दिसत होता. वणव्यांनी त्याची झाडी जळून गेली होती, बर्फाला धरून ठेवायला काही उरलं नव्हतं. गाडी पुन्हा बोगद्यात न्या, अशी विनवणी काही प्रवाशांनी केली. अधिकाऱ्यांचं म्हणणं असं, की डबे उबदार ठेवायचे तर वाफेचं इंजिन चालू हवं आणि त्याचा धूर बोगद्यात कोंडेल. दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या होत्या. काही जण जीव मुठीत धरून पायीच घाट उतरून गेले. बाकीचे थांबले.

१ मार्चच्या पहाटे, एक वाजून गेल्यावर, विजांच्या कडकडाटात तो बर्फ सुटला. त्याने दोन्ही गाड्या रुळांवरून उचलून खालच्या दरीत टाय नदीकडे भिरकावल्या. ९६ माणसं गेली. त्यांत ३५ प्रवासी होते, बाकीची ६१ रेल्वेची माणसं. म्हणजे मेलेल्यांत बहुसंख्य ते होते, जे तिथे कामावर होते. सगळे मृतदेह हाती लागेपर्यंत जुलै उजाडला.

त्याच वर्षी कंपनीने स्टेशनचं नाव बदलून ‘टाय’ केलं. वेलिंग्टन म्हटलं की प्रवाशांच्या अंगावर काटा येई, म्हणून. रुळांवर काँक्रीटचं भक्कम छत उभारलं. १९२९ मध्ये खालून ७.८ मैलांचा नवा बोगदा झाला; तो आजही वापरात आहे. जुना मार्ग सोडून दिला गेला आणि रान त्याच्यावर चढत गेलं. पुढे वॉशिंग्टनमधल्या स्वयंसेवकांनी वन खात्याच्या सोबतीने झाडोरा बाजूला करून ही पायवाट केली. ती १९९३ मध्ये, रेल्वे आल्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, खुली झाली.

आम्ही त्या काँक्रीटच्या छताखालून चाललो. सावलीत गारवा होता, कुठे कुठे पाणी ठिबकत होतं. बोगद्याचं तोंड दिसलं. आत शिरायला मनाई आहे. खाली दरीत दाट झाडी माजली होती. मी नकळत हात जोडले की दुव्यासाठी पसरले, आता आठवत नाही.

परतताना भाचा म्हणाला, “मामू, फोन सांगतोय बारा पावलं. आता फोन खिशात टाकायचा आणि डोळ्यांनी शोधायचं.” एका ओंडक्याआड डबी सापडली. वहीत कितीतरी नावं होती. आम्हीही आमची लिहिली, मराठीत.

मनात आलं, इथं सहज फिरायला आलेल्याचंही नाव जपून ठेवतात आणि त्या स्टेशनचं मात्र दुःखासकट पुसून टाकलं होतं. पण ४७ अंश ४५ मिनिटं उत्तर आणि १२१ अंश ८ मिनिटं पश्चिम, हा पत्ता कुणी पुसू शकलं नाही. आज त्या पायवाटेच्या टोकाला पुन्हा वेलिंग्टन हेच नाव दिलेलं आहे.

अपघात झाला की आपण पाटी रंगवायला आधी धावतो, कारण ते स्वस्त पडतं. पण ज्यांची माणसं त्या जागी गेली, त्यांच्या ओठांवर जुनंच नाव राहतं. ते पाटीवरही राहू द्यावं. तिथून जाणारा पुढचा माणूस निदान एकदा वर डोंगराकडे पाहील.